कानपिळीला भाऊ पाहिजे

मानवतजवळच्या एका गावातली बबिता एस.टी.त कंडक्टर झाली तेव्हा लोक म्हणाले, चार दिवस टिकंल. नऊ वर्षं झाली, टिकली! बाप गेल्यावर आई आणि धाकटी राजेश्री तिनंच सांभाळली. सख्ख्या चुलत्यानं, बन्सीधरनं, बांध कोरून यांचं रान आत घेतलं, तर हिनं सरकारी मोजणी आणून बांध जागच्या जागी नेला. तेव्हापासून चुलत्याचं तोंड वाकडं ते वाकडंच.

आणि आता राजेश्रीच्या लग्नात, भरल्या मांडवात, गुरुजींनी हाक दिली, "कानपिळीला नवरीचा भाऊ या!"

नवरदेवाचा कान पिळायला भाऊच लागतो. सख्खा नव्हता. नसला की चुलतभाऊ उठतो, पण बन्सीधरनं आपल्या हरिओमचा हात गच्च धरलेला. "बबीनं माझे पाय धरावं. मोजणी आणली ही चूक झाली म्हनावं. मग उठंल पोरगं."

घ्या! माणूस आहे की कोण?

आतेभाऊ बिचारा उठला, तर त्याची आईच, पार्वतीआत्या, कडाडली, "बस खाली मुडद्या! तुझ्यासाठी राजी मागितली व्हती मी, आन आता भाऊ व्हायलास व्हय?" मांडव खदखदला. खरंच होतं, आतेभावाला पोरगी देतात, तो नावालाच भाऊ. मामाला पोरगा नव्हता. मावसभाऊ चालला असता, पण मावशीला चारी पोरीच.

"धर की माय पाय," आई रडकुंडीला आली. "लगीन खोळंबलंय."

बबिताचं रक्त उसळलं. ती उठली आणि चुलत्यासमोर उभी राहिली. "काका, अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हनं. मी अडले न्हाई."

तडक पाटाजवळ गेली. गुरुजी गडबडले, "अहो, भाऊ लागतो."

"चुलत, आते, मामे, मावस, समदे मोजून झाले गुरुजी. सख्खी मी हाय, मला कुणी मोजलंच न्हाई."

आणि तिनं असा कान पिळला की नवरदेव "आई गं" म्हणून कळवळला. "अजून पिळ, ताई!" राजेश्री ओरडली.

वरपक्षानं भावासाठी पॅन्ट-शर्टचं कापड आणलेलं. आता ते द्यावं कुणाला? बबितानं हात पुढं केला, कापड काखेत मारलं आणि बन्सीधरकडं वळली.

"शिवून घेते काका. बांधावर येताना हेच घालून येईन."