पंचावन्न कलदार

वृत्तपत्रात असताना देशोदेशींच्या माध्यमिक शिक्षकांच्या पगारांचे तक्ते माझ्याकडे येत. सगळे पगार एकाच चलनात आणलेले. मी आधी एकच विचारायचो : यात घरभाडं धरलंय का?

आमच्या घरात असा तक्ता एकदाच झाला, निजामी राजवटीच्या शेवटच्या काळात, माझ्या पाटीवर. वडील उदगीरच्या सरकारी शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवत. पगार साठ रुपये, निजामाच्या हाली नाण्यात. सोलापूरच्या एका हायस्कूलनं त्यांना बोलावलं. सोलापूर इंग्रजी मुलखात; तिथं पंचावन्न मिळणार होते.

"साठ सोडून पंचावन्नाला जायचं?" आई म्हणाली.

शेजारचा दुकानदार ओट्यावरूनच हसला. "वैनी, ते कलदार हायेत, इंग्रजाचे रुपये. सहा कलदारला सात हाली पडतेत. गुरुजी पोरांला रोज हेच शिकवून राहिले, अन् घरात न्हाई सांगितलं?"

वडिलांनी पाटी ओढली. पंचावन्नाचे चौसष्ट हाली झाले, वर थोडे.

आईनं पाटीकडे पाहिलं. "अन् तिथं भाडं? इथं घर आपलं आहे."

"हां, हे बराबर," दुकानदार म्हणाला. "दोन खोल्या म्हणजे सहा कलदार तरी."

सहाचे सात वजा झाले. उरले सत्तावन्न. उदगीर तीन रुपयांनी सरस ठरलं. वडिलांनी हिशेब उलटा करून पडताळला आणि पाटी मला परत दिली. हिशेब बरोबर होता.

पुढच्या वर्षी गावोगाव बंदूकवाल्या टोळ्या फिरू लागल्या. पगाराच्या दिवशी वडील नेहमीच्या वाटेनं शाळेकडे निघाले. शाळेत पोचले नाहीत. आम्ही आठ दिवस वाट पाहिली. मग दुकानदारानं स्वतःची बैलगाडी जुंपली. "चला वैनी," एवढंच तो म्हणाला. लातूरपर्यंत त्यानंच गाडी हाकली.

तिथून आम्ही सोलापूरला गेलो. दोन खोल्या मिळाल्या. भाडं सहा कलदार. ते हायस्कूल दोन गल्ल्या पलीकडे होतं, हे राहायला गेल्यावर कळलं. सकाळी अकराला त्याची घंटा खोलीत ऐकू येई. भाकरी थापताना आईचे हात थांबत. दुसरी घंटा होईपर्यंत ती दाराकडे बघत राही. मग तव्यावरची भाकरी करपलेली असे. ती भाकरी आई स्वतःच्या ताटात घेई.