भावजींचा गच्च फ्रीझर

बिघडलेली वस्तू दिसली की ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सासरच्या गोतावळ्यात निघाला. हे माझे मावसदीर. अमेरिकेत शुगर लँडला आमच्यापासून चार गल्ल्या सोडून एकटेच राहायचे, तेल कंपनीत पाइपांची डिझाइन्स करायचे आणि उरलेला वेळ तंद्रीत घालवायचे. ड्राइव्ह करतानाही तंद्रीच. सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याने हॉर्न वाजवला की हे आरशातून त्याला प्रेमाने हात करायचे. एकदा आमचा डिशवॉशर घरघरायला लागला म्हणून बोलावलं, तर आल्या आल्या फरशीवर मांडी घालून बसले आणि डोळे मिटले. मी चहा पुढे केला. "जरा थांबा वहिनी," म्हणाले, "आधी त्याला काय म्हणायचंय ते ऐकू द्या." ऐकण्यात दुपार गेली. घरघर थांबली, पण चहा वाया गेला.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक उभा फ्रीझर होता. मावशी, म्हणजे त्यांच्या आई, एक वर्षाआड येऊन सहा महिने राहायच्या आणि जाताना तो भरून जायच्या. इथे येणाऱ्या सगळ्याच आया हे करतात; परतीचं तिकीट कन्फर्म झालं की पुरण शिजायला पडतं. पण मावशींचा हात मोठा. पुरणपोळ्या, गुळाच्या पोळ्या, मटारच्या करंज्या, कोथिंबीरवडीचे उंडे, सगळं दह्याच्या रिकाम्या डब्यांत नि पिशव्यांत दाबून बसवलेलं. भावजी स्वतः मात्र भारतात जायचं नाव काढत नसत. कधी प्रोजेक्ट, कधी व्हिसाचं स्टॅम्पिंग, काहीतरी आडवं यायचंच. त्या वर्षी मावशी परत गेल्या आणि महिन्याभरात त्यांनी फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास कायमचा बंद केलाय. भावजींनी ते आम्हाला हवामान सांगावं तसं सांगितलं. पण त्या दिवसापासून त्यांनी फ्रीझरमधलं काही खाल्लं नाही. रोज रात्री खिचडी. आईच्या हातचं या घरातलं हे शेवटचं, आणि ते त्यांना संपू द्यायचं नव्हतं.

जूनचं ऊन तापलं आणि फ्रीझर नीट गोठवेनासा झाला. मागचे डबे दगड, पुढच्या पोळ्या मऊ. भावजींचा चेहरा या वेळी काही खुलला नाही. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून त्यांनी ओढून पाहिली, ती घट्ट होती. मागच्या कॉइलवरची धूळ ब्रशने काढली. थर्मोस्टॅट बदलला. गॅरेज तापतं म्हणून स्वतःच्या बेडरूममधला पंखा फ्रीझरकडे तोंड करून लावला आणि आपण घामाने निथळत झोपले. मग घडीची खुर्ची टाकून रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसू लागले. गॅरेजचं दार अर्धं वर, बाहेर कुणाच्या तरी लॉनवर स्प्रिंकलर फिरतोय, दमट हवेत ओल्या गवताचा वास आणि आत त्या यंत्राची संथ गुणगुण. मीही कधीमधी जाऊन बसायची. तिथे बोलावंसं वाटायचं नाही. आपण नेमके कुठल्या देशात बसलोय तेही घटकाभर विसरायला व्हायचं.

एका शनिवारी मी न राहवून दार उघडलं. गार हवा येण्याची मागची जाळी पिशव्यांनी आणि बर्फाने पार बुजली होती.

"भावजी, इतकं ठासून भरल्यावर हवा फिरणार कुठून? निम्मं बाहेर काढा."

"ठाऊक आहे वहिनी. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

"दुसरं काहीतरी निघेल असं वाटत होतं."

मला हसू आलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. आमच्याकडे ठेवायला जागा नव्हती, कारण आमचा फ्रीझर माझ्या आईने भरलेला. शिवाय मऊ पडलेलं पुन्हा गोठवून काय उपयोग? शेवटी मी त्यांच्याच ओट्यावर तवा चढवला. नवऱ्याला आणि लेकीला बोलावून घेतलं. "इज इट दिवाळी?" लेकीने विचारलं. "हो," भावजी म्हणाले, आणि तिच्या पोळीवर त्यांनी तुपाची धार धरली. पहिला घास त्यांनी अगदी सावकाश खाल्ला. नंतर दर शनिवारी तेच होत राहिलं. फ्रीझर लगोलग सुधारला आणि उन्हाळा संपता संपता रिकामाही झाला.

शेवटची पोळी खाल्ली त्या दिवशी त्यांनी फोनकार्डाचे आकडे दाबून स्पीकर लावला. "आई, पोळ्या संपल्या."

"संपल्या ना? बरं झालं," मावशी म्हणाल्या. "इतके दिवस उरल्यात म्हणायचास, मला वाटलं बिघडल्या होत्या. आता खावीशी वाटली तर तू ये."

भावजी बराच वेळ "हं" म्हणत राहिले.

डिसेंबरात ते भारतात गेले. घराची किल्ली आमच्याकडे होती. कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला जायची तेव्हा मी उगीच फ्रीझर उघडून बघायची. आत काही नव्हतं आणि तो मन लावून गोठवत होता. तिकडे आता भावजी मावशींच्या ओट्यापाशी उभे असतील, तव्यावरची पोळी थेट त्यांच्या ताटात पडत असेल, असं मनात यायचं. मग मी दार लावायची आणि घरी येऊन माझ्या आईला फोन करायची.