तपासणीसाठी आवरलेलं घर

मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा तिला नववं वर्ष लागलं होतं. त्याआधीचं वर्षभर ती रोज सकाळी युनिफॉर्म चढवायची आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी करायची. शाळेत तिने बोलणं बंद केलं होतं. शाळेच्या भिंतीवर मनःस्वास्थ्याची पोस्टरं होती. प्रत्येक वर्गात एक 'शांत कोपरा' होता आणि तिच्या वर्गातल्या शांत कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मी पुन्हा पुन्हा भेटायला गेले. दर वेळी बाई गोड हसून सांगायच्या, "वर्गात ती अगदी छान असते." छान म्हणजे गप्प. एक दिवस बुडला की गैरहजेरीचं पत्र मात्र दुसऱ्या दिवशी हजर.

त्या वर्षभरात ही मुलगी काही शिकते आहे का, हे बघायला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या नगरपालिकेचं, चिटपाखरूही फिरकलं नाही. तिचं नाव काढल्याचं मी शाळेला कळवलं, शाळेने कौन्सिलला कळवलं, आणि कौन्सिलच्या पोटात एकाएकी तिच्या शिक्षणाची काळजी उभी राहिली. एक अधिकारी घरी येऊन 'अनौपचारिक गप्पा' मारू इच्छितात, अशी ईमेल आली.

इंग्लंडचा कायदा या बाबतीत शहाणा आहे. मुलाला शिक्षण देणं आईबापांवर बंधनकारक आहे, शाळेत घालणं नाही. अधिकाऱ्याला घरात घेण्याचीही सक्ती नाही. काय शिकवतो ते लिहून पाठवलं तरी भागतं. मुलांना घरी शिकवणाऱ्या इथल्या इंग्रज बायकांनी मला बजावलं होतं, "लेखी पाठव आणि विषय संपव." पण सरकारी माणूस येतो म्हणतोय आणि त्याला येऊ नका म्हणायचं, हे आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये भूल देतो. घरच्या प्रश्नांनाही तो तेच औषध देतो. "येऊ दे की," तो म्हणाला, "आपल्याला काय लपवायचंय?"

लपवण्याचं काम सासूबाईंनी हातात घेतलं. त्या सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या.

"साहेब कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"साहेब नाहीत हो आई, कौन्सिलचा माणूस आहे. गप्पा मारायला येतोय."

"तपासायला येतो तो साहेबच. तू जरा बाजूला हो."

तपासणी कशी पार पाडायची याचं आपल्याकडे एक शास्त्र आहे. भिंतींना चुना लागतो, तक्ते टांगले जातात, हुशार मुलं पहिल्या बाकावर येतात आणि ढ मुलाला त्या दिवशी घरीच राहायला सांगतात. साहेब येतात, स्वागतगीत ऐकतात, पोहे खातात, शेरा लिहितात. वर्गात रोज काय चालतं ते साहेबांना कळत नाही, आणि कळू नये यासाठीच सगळे राबलेले असतात.

आमच्या हॉलमध्ये त्या वेळी एक कालवा होता. घरापासून पाच मिनिटांवर खरा कालवा आहे आणि होडी टेकडी कशी चढते, या प्रश्नाने मुलीला झपाटलं होतं. कार्पेटवर प्लास्टिक अंथरून आईस्क्रीमचे डबे, प्लायवूड आणि सायकलच्या ट्यूबचं रबर यांतून तिने एक लॉक बांधलं होतं, म्हणजे पाणी भरून होडी वर उचलणारा हौद. त्याची दारं गळायची. दारांचा कोन बदलून बदलून किती गळतं ते ती मोजायची आणि आकडे भिंतीवर चिकटवायची. शाळेत तोंड न उघडणारी ही मुलगी काठावर होड्यांमध्ये राहणाऱ्या अनोळखी लोकांना थांबवून प्रश्न विचारायची.

सासूबाईंनी ते सगळं गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. भिंतीवर पचनसंस्थेचा तक्ता लागला. टेबलावर फुलं आली आणि फुलांशेजारी सुवाच्य अक्षरात उतरवलेली एक वही.

"आजी, माझा लॉक गॅरेजमध्ये का गेला?" इथे जन्मलेल्या आमच्या मुलीचं मराठी असंच आहे.

"साहेब गेले की आणू परत."

"पण आय ॲम डूइंग दॅट. तेच तर करते ना मी."

"साहेबांपुढे करायचं वेगळं असतं, बाळा."

साहेब आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. "मी तपासायला आलेलो नाही बरं का," ते म्हणाले आणि टॅब्लेटवर प्रश्नांची यादी उघडली. पोह्यांत शेंगदाणे आहेत का ते विचारून त्यांनी एक चमचा खाल्ला. दिवाळीचा फ्रॉक घातलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "तुला काय करायला आवडतं?" तिने आजीकडे पाहिलं. आजीचे ओठ हलले. मुलीने ब्रिटनमधल्या नद्या लांबीच्या क्रमाने म्हणून दाखवल्या आणि जी गप्प झाली ती झालीच.

आठवड्याभरात अहवाल आला. मुलीने स्वतः केलेल्या कामाचा पुरावा आढळला नाही. उत्तरं पढवलेली वाटली. आणि मुलगी गप्प होती, ही चिंतेची बाब आहे.

हे वाक्य मी उभ्यानेच वाचलं. शाळेत ती वर्षभर गप्प होती तेव्हा ती छान होती. घरी पाऊण तास गप्प राहिली तर चिंतेची बाब. खाली पुढची पायरी छापली होती: मुदतीत आमची खात्री पटवा, नाहीतर मुलीला शाळेत घालण्याचा आदेश निघेल. फोन करून विचारलं तर जागा शिल्लक असलेली शाळा एकच होती. तीच.

"माझ्या शाळेला कधी असा शेरा मिळाला नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुझ्या शेऱ्याचं राहू दे," नवरा म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "तू कशाला सगळं गॅरेजमध्ये जाऊ दिलंस?"

"तुझ्या आईला तू थांबवून बघायचं होतंस."

"तिला थांबवायला भूल द्यावी लागते."

मी लेखी उत्तर लिहायला बसले होते. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. त्या सकाळी ती पुन्हा उलटी करून आली होती, युनिफॉर्म नसताना. "त्याला लॉक दाखवलाच नाही ना आपण," ती म्हणाली. "त्याला परत बोलव. मी बोलेन. आजीने गॅरेजमध्ये यायचं नाही."

दुसऱ्या भेटीत पोहे नव्हते आणि बसायला खुर्चीही नव्हती. साहेब चकचकीत बूट घालून गॅरेजमध्ये उभे राहिले आणि त्यांनी यादीतला पहिला प्रश्न काढला.

"तुम्ही खालच्या गेटापाशी उभे आहात," मुलगी म्हणाली. "तिथे पाणी येतं."

ते हसले आणि जागचे हलले नाहीत. मुलांनी सांगितलेलं हसून सोडून द्यायचं, हे बहुधा त्यांच्या प्रशिक्षणातच असावं. तिने खालच्या दारातली झडप उचलली. हौदातलं पाणी त्यांच्या बुटांत गेलं.

"आय डिड से," ती म्हणाली. मग दारं वरच्या पाण्याकडे टोक करूनच का बसवायची, पाणी स्वतःच त्यांना कसं दाबून घट्ट मिटवतं, हे तिने त्यांना समजावलं. साहेबांनी टॅब्लेट गॅरेजमधल्या जुन्या फ्रीझरवर ठेवला आणि यादीत नसलेला एक प्रश्न विचारला. "प्रत्येक होडीमागे इतकं पाणी खाली गेलं, तर वरचं संपत नाही?" ती अर्धा तास बोलत होती. गॅरेजमध्ये उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराआड सासूबाई उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना सगळं कळत नव्हतं, पण नात बोलतेय एवढं कळत होतं.

मोजे पिळून साहेब निघाले तेव्हा मी विचारलं, "शाळेत ती वर्षभर गप्प होती. ती का, हे विचारायला शाळेत कोण जातं?"

"ते माझ्या विभागात येत नाही," ते म्हणाले. आवाजात खेद होता. चेहऱ्यावर सुटका.

शिक्षण 'सध्यापुरतं योग्य' ठरलं. कायद्याने जे आमचंच होतं ते वर्षभराच्या मुदतीने आम्हाला परत मिळालं, आणि त्याबद्दल मी आभाराची ईमेलही लिहिली, कारण मला तसंच वाढवलं आहे. अहवालात शेवटी एक सूचना होती: घरात पसारा बराच आहे.

सासूबाईंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग गॅरेजमध्ये गेल्या आणि लॉकची एक बाजू धरून मला म्हणाल्या, "चल, उचल तिकडून. हॉलमध्ये घेऊ."