पर्जन्यछायेतला समुद्र

माझ्या चुलत्याने मरायच्या आत मला समुद्राच्या तळाला पाय टेकवताना पाहावं, एवढ्या एकाच हेतूने मी त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर स्कूबा डायव्हिंगची जागा शोधत होते. लोक हौसेने जातात, लग्न झालं म्हणून जातात. मी सूड घ्यायला निघाले होते. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, सिरसाळ्याच्या पुढे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो आणि त्यांच्या थोरल्या भावाला तात्या. दोघा भावांत मिळून एक विहीर होती. तिच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड, म्हणजे आसरा, पाण्यातल्या देवी. उन्हाळ्यात गावातली पोरं पाठीला रिकामा डबा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकायची. पोरींनी पाण्यात उतरायचं नाही, असा रिवाज होता. मी चौथीत असताना एका दुपारी पायऱ्या उतरून गेले आणि गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसले. तात्यांनी वेणीला धरून मला वर ओढलं. "पोरीचा पाय लागला हिरीला! आता आसरा कोपतेत का न्हाई बघा," असं ते साऱ्या शिवाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात विहीर आटली. आधीही उन्हाळ्यात पाणी खाली जायचं, पण असा खडक कधी उघडा पडला नव्हता. तात्या पारावर बसून सांगायचे, "आमच्या धाकट्याच्या पोरीनं हीर आटवली." गाव हसायचं, आणि हसता हसता गावाला ते खरं वाटू लागलं. दादांची सगळी मदार त्या अर्ध्या विहिरीवर होती. दसरा झाला आणि दादा-माय ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रकमध्ये बसून कारखान्याला गेले. त्याआधी ते कधी गेले नव्हते. ट्रकच्या फाळक्याला धरून माय चढली तेव्हा मी तिच्या पायांकडे बघत होते. माझ्या पायामुळे तिचे पाय उसात चालले, असं मला वाटत होतं, आणि ते पुढे बरीच वर्षं वाटत राहिलं.

मला बीडच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या बाईंनी मला स्वतःच्या ताटातलं जेवू घातलं, शिक्षकांनी जुनी पुस्तकं दिली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आज मी भूगोल शिकवते, ती या माणसांमुळे, आणि त्यांच्या पाया पडताना माझे डोळे भरून येतात. कुणी म्हणतं, विहीर आटली नसती तर तू वसतिगृहात गेलीच नसतीस, म्हणजे चुलत्याचेही उपकारच. त्या उपकाराबद्दल आभार मानायला मी तयार नाही.

कॉलेजात भूजलाचा धडा शिकताना मला एकदम आठवलं. ज्या साली विहीर आटली, त्याच साली तात्यांनी विहिरीच्या वरच्या अंगाला, स्वतःच्या हिश्शात, बोअर घेतला होता. मशीन आलं तेव्हा आम्ही पोरं धूळ बघायला धावलो होतो. विहिरीचे झरे त्या बोअरने ओढून घेतले. तात्यांचा ऊस उभा राहिला आणि आमचं रान कोरडं पडलं. बोअरच्या पाण्यात भावाने वाटा मागू नये, म्हणून दोष चौथीतल्या पोरीच्या पायावर आणि आसरांच्या कोपावर ढकलला. मी हे दादांना सांगितलं. ते बिडी पेटवत म्हणाले, "जाऊ दे. थोरला हाय." पुढे दादा वारले, ते थोरल्या भावाला एकदाही उलट न बोलता.

मीही गप्प होते. मग चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात, मांडवात, कुणीतरी कौतुकाने म्हणालं की ही पोरांची सहल घेऊन कोकणात समुद्रावर गेलती. तात्या बाजेवर बसले होते. त्यांनी तोंडातलं पान एका गालात सारलं.

"समिंदरात पाय घातलास का गं?"

"नाही तात्या. सोबत पोरं होती, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं."

"घालू बी नको. आटंल त्यो बी!"

सगळा मांडव हसला. माय पंगतीत वाढत होती, तिने मान वर केली नाही. मीसुद्धा हसले, आणि त्या हसण्याचा मला इतका राग आला की बीडला येईपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही.

पुढे ज्येष्ठात निरोप आला, तात्या न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आता बाजेवरून उठत नाहीत. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नागपंचमीपर्यंत टिकायला पाहिजेत. पंचमीला लेकीबाळी माहेरी येतात, टोळ्या गावात असतात, सगळं घर भरलेलं असतं. त्यांच्यासमोर मला दाखवायचं होतं, की हा माझा पाय, हा समुद्र, आणि समुद्र जागेवर आहे.

म्हणून घाई होती. आणि घाईत मी ती चूक केली जी आमच्याकडचाच माणूस करू शकतो. आमच्याकडे पाणी म्हणजे पावसाळा. धरण बघायला जायचं पावसाळ्यात, धबधब्याला पावसाळ्यात. मग समुद्रात बुडी मारायलाही पावसाळाच उत्तम, पाणी भरपूर असणार, असं मी भूगोलाची शिक्षिका असून धरून चालले. बसस्टँडजवळ एकजण काशी-रामेश्वरच्या सहली काढतो, त्याच्याकडे गेले.

"मॅडम, आता बंद हाय."

"काय बंद आहे?"

"समुद्र."

"समुद्राला काय शटर आहे का?"

"शटर न्हाई, पण कोकणात जूनपासून बोटीच उतरवत न्हाईत. लाटा आस्त्यात, पानी गढूळ. तुमी दिवाळीत जा ना, काय पळून चाललाय का समुद्र?"

समुद्र पळून चालला नव्हता. तात्या चालले होते. पण हे त्याला कसं सांगणार?

त्यानंतर रोज संध्याकाळी मी नकाशा उघडून बसायचे. गोव्यात तीच गत. लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटी खवळलेल्या समुद्रामुळे भरवशाच्या नव्हत्या. अंदमानात फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, या, पण आभाळ साथ देईल का ते सांगता येत नाही, खाली काही दिसेल याचीही खात्री नाही. मला खात्रीच पाहिजे होती. थायलंडची एक बाजू याच पावसाने बंद, दुसरी बाजू चालू. बाली चालू. हे वाचून मी थबकले. एकाच पावसात एक किनारा बंद आणि दुसरा चालू का असतो, हे तर मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते.

नैऋत्येकडून ढग येतात, सह्याद्रीला धडकतात, कोकणात रिकामे होतात आणि डोंगराच्या मागे आमच्या वाट्याला कोरडा वारा येतो. पर्जन्यछाया. हा शब्द मी शिकवते तेव्हा वर्गातली पोरं खिडकीतून बाहेर बघतात, कारण खिडकीबाहेर तीच असते. मी नकाशावर श्रीलंका काढली. मध्ये डोंगर. पावसाळ्यात पाऊस पश्चिमेला, आणि पूर्वेचा किनारा डोंगराच्या आडोशाला. तिथे त्रिंकोमाली नावाचं गाव. वाचलं तर आपल्या पावसाळ्यातच तिथे पाणी शांत असतं आणि बुडी मारणारे तेव्हाच येतात.

ज्या पर्जन्यछायेने आमचं वाळवण केलं, तिच्यातच एक समुद्र स्वच्छ आणि स्थिर पडलेला होता. मी टेबलावर हात आपटला. नवरा आतून आला. त्याचं मोटारपंपाचं दुकान आहे.

"ठरलं?"

"ठरलं. त्रिंकोमाली."

"बरं. समुद्राला किती एचपीची मोटार लागंल तेवढं बघून ये."

"अहो, तुम्हीपण येताय."

"मी काठावर बसतो. कुणीतरी माघारी यायला पाहिजे, तात्यांना सांगायला."

तिथला प्रशिक्षक तमिळ होता, शांत माणूस. मला पोहता येत नाही म्हटल्यावर त्याने आधी छातीएवढ्या पाण्यात नळीने श्वास घ्यायला शिकवलं. खुणा शिकवल्या. अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'मला वर न्या' असा. पोवळ्यांना हात लावायचा नाही, पाय तर नाहीच. मी विचारलं, "मग पाय टेकवायला जागा आहे का?" तो म्हणाला, वाळूचा एक पट्टा आहे, पण कशाला? लोक चेहऱ्याचा व्हिडिओ काढा म्हणतात. मी म्हटलं, माझ्या पायांचा काढा. उघड्या पायांचा. त्याने कॅमेरा मनगटाला बांधला.

बोटीतून पाण्यात उतरले. डोकं खाली गेलं, डोळ्यांवरच्या काचेत थोडं पाणी शिरलं, कान दुखायला लागले, आणि मला वेणी ओढल्यासारखं झालं. खरंच, मागून केस ओढल्यासारखं. मी अंगठा वर केला. प्रशिक्षकाने वर आणलं. बोटीच्या कडेला नवरा वाकून बसला होता.

"आटला का?" त्याने विचारलं.

मला इतका संताप आला, त्याच्यावर नाही, मांडवातल्या त्या हसण्यावर, की मी तोंडात नळी कोंबली आणि प्रशिक्षकाला खाली चल अशी खूण केली.

खाली कुरकुर आवाज होता, जात्यात भरड धान्य पडल्यासारखा. निळे-हिरवे मासे चोचीने पोवळं कुरतडत होते, त्याचा तो आवाज. पाणी असं स्वच्छ होतं की लांबचा खडकही हाताशी वाटत होता. लोक म्हणतात, तिथे मन शांत होतं. माझं झालं नाही. प्रत्येक माशाला मी मनात म्हणत होते, बघून ठेव, साक्ष द्यायची आहे. वाळूच्या पट्ट्यावर आम्ही गुडघे टेकले. मी दोन्ही पायांतले बदकाच्या पंजासारखे पंखे काढले, प्रशिक्षकाने ते काखेत धरले आणि कॅमेरा खाली वळवला. मी उघडे पाय वाळूत रोवले. दादांचं नाव घेतलं. आणि नळीतून जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले.

पंचमीला गावी गेले. झाडांना झोके बांधलेले, घरात उकडलेल्या पुरणाच्या दिंडांचा वास. त्या दिवशी जमीन उकरायची नसते, काही चिरायचं नसतं, असं आमच्याकडे पाळतात. माय अंगणात पोरींना मेंदी लावत बसली होती. तात्या ओसरीवर बाजेवर, उशाला काकू, म्हणजे त्यांची बायको, आणि भोवती भरलं घर. मी तात्यांच्या पायाशी बसले आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. नजर शाबूत होती. त्यांनी सगळं पाहिलं.

"हे कुनाचे पाय?"

"माझे. समुद्राच्या तळाला. अजून आटला नाही, तात्या."

ओसरीवर कुणीतरी खुसकन हसलं. तात्या म्हणाले, "खारं पानी कुठं आटतंय व्हय. आसरा गोड्या पान्यात आस्त्यात."

याची मी तयारी केली नव्हती. पण जीभ थांबली नाही. "मग गोड्या पाण्याचं सांगा. विहीर आटली त्या साली तुम्ही बोअर कधी घेतला?"

"मला काय याद हाय."

"नीट आठवा. मशीन आलं होतं. आम्ही पोरं धूळ बघायला आलो होतो."

"सणासुदीचं कावून उकरतीस गं?"

तेव्हा काकू बोलल्या. जन्मभर त्यांचा आवाज मी चुलीपुढेच ऐकला होता. "बोअर शिमग्याला घेतलता. हीर पाडव्यानंतर आटली. म्या तवाच म्हनलं, धाकल्याचं पानी तुटंल, तर मला म्हनले, तू भाकरी बडव."

"तू गप बस," तात्या म्हणाले.

"लई वर्सं बसले."

कुणी हसलं नाही. तात्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांना कूस बदलता येत नव्हती, म्हणून फक्त मानच वळली, आणि कानामागची शीर ताठ झालेली मला दिसली. मला वाटलं होतं, या क्षणी मला त्यांची कीव येईल. चांगल्या माणसाला यायला हवी. आली नाही. मी मोबाईल बंद केला, काकूंच्या पाया पडले आणि उठले.

संध्याकाळी मायला घेऊन विहिरीवर गेले. चांगला पाऊस झाला होता, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. सात दगडांना कुणीतरी नवा शेंदूर लावला होता. आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. मायच्या टाचांना उसाच्या पाचटाने पाडलेल्या भेगा आहेत, त्या काही भरल्या नाहीत. मी तिला समुद्र दाखवायला मोबाईल काढला.

तिने माझा हात खाली दाबला. "समिंदर दाखव मागून," ती म्हणाली. "मी अंगनात व्हते, मला दिसलं न्हाई. तात्याचं तोंड कसं झालतं, ते आदी सांग."

मी सांगितलं. ती म्हणाली, "परत सांग." मी भिंतीकडे वळलेल्या मानेपासून पुन्हा सुरुवात केली.