तिच्या ब्लाउजचं माप

पदर बाजूला सारून ती म्हणायची, "बघा की, काय लपवायचंय त्यात?" समोरची बाई ओळखीची असो वा नसो. काखेखालून निघालेली बारीक नळी आणि तिच्या टोकाला मुठीएवढा प्लास्टिकचा फुगा. ऑपरेशनच्या जागी साठणारं पाणी हा फुगा ओढून घेतो, हे ती नवा मिक्सर दाखवावा तशा हौसेनं समजावून सांगायची.

मी येडशीत ब्लाउज शिवते. ती समोरच्या घरात भाड्यानं राहायची, नवरा रेल्वेत. कॅन्सरमुळं तिचा डावा स्तन काढावा लागला आणि त्याच ऑपरेशनात पुण्याच्या डॉक्टरांनी आत सिलिकॉनचा दुसरा बसवून दिला. घरी आली आणि लगेच माझ्याकडं हजर. "काकू, ह्या फुग्याला पिशवी शिवून द्या. गळ्यात अडकवीन म्हणते."

दिली शिवून, चांगल्या खणाची, नाडी घालून. पण मशीनवर बसल्या बसल्या माझ्या पोटात असं दुखलं म्हणता!

आता तुम्हाला सांगूनच टाकते. माझाही उजवा काढलेला, बऱ्याच वर्षांपूर्वी. गल्लीत सांगितलं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. आमच्याकडं त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही, घरटी एखादीचं झालेलंच असतं. दुसरा बसवता येतो हे मला कुणी सांगितलंच नाही. मग माझं मीच शिवलं. मांजरपाटाची गोल पिशवी, आत बाजरी. वजन बरोबर येतं. फक्त एका पावसाळ्यात बाजरीत टोके-किडे झाले आणि एका बारशात अशी खाज सुटली की बाळाचं नाव कानावर पडायच्या आत मी घर गाठलं.

आणि ही बया दोन्ही बाजू सारख्या घेऊन गल्लीभर पदर सारत फिरतेय!

सकाळी तिचा नवरा ओट्यावर बसून तो फुगा दवाखान्यानं दिलेल्या मापात रिकामा करायचा. "आज कमी आलंय गं!" असं आत ओरडून सांगायचा. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं. आमचे हे ऑपरेशननंतर एकदाही 'बघू' म्हणाले नाहीत. मला तिचा हेवा वाटायचा, तिच्या नवऱ्याचा वाटायचा, त्या मापाचासुद्धा वाटायचा.

अशात बेंबळीहून तिची आत्येसासू भेटायला आली. सवाष्ण एवढ्या दुखण्यातून उठलेली, ओटी न भरता म्हातारी परत जाईल कशी? नारळ, खण, ओंजळभर गहू पदरात घातले. भरल्या पदरानं ही पाया पडायला वाकली, नारळाचं वजन पिशवीच्या नाडीवर आलं, नळी कातडीला धरून ठेवणारा टाका तुटला आणि नळी सुर्रकन बाहेर. ही आपली हसली, "सुटले एकदाची!" म्हातारीनं भोकावर हळद दाबली. डॉक्टरांना फोन करायला नको का? पण ओटी भरताना असं झालं म्हटलं की म्हातारीला बोल लागणार. म्हणून नवरा-बायको दोघं गप्प बसले.

मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आली ती ब्लाउज घेऊनच. "काकू, डाव्या अंगाला जरा सैल करा. आवळतंय." टेप लावायला हात नेला तर कापडावरूनसुद्धा कढत लागलं. गळ्याशी लालभडक चट्टा.

"फुगा कुठंय तुझा?"

तेव्हा तिनं ओटीचं सांगितलं. "कणकण हाय जरा," असंही म्हणाली.

"अगं बये, आत पाणी साठलंय! सैल काय करतेस, आधी पुणं गाठ!" मी दारातूनच तिच्या नवऱ्याला हाक मारली.

तिनं माझा हात धरला. "टिकंल ना हो काकू? तेवढं टिकू दे. बाकी काय न्हाय मागत मी." एवढा बारीक आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

पुण्यात सुईनं पाणी काढलं, सलाईनमधून औषधं दिली. इकडं मी देवाला म्हणत होते, टिकू दे. टिकलं तर खिडकीत बसून परत जळायचं आहे हेही माहीत होतं. पण आत पू झाला होता. शेवटी बसवलेलं काढावं लागलं.

परत आली ती शाल लपेटून. कुणाला भेटेना, बोलेना. आता दोघी सारख्या, आता तरी माझा जीव थंड होईल असं मला वाटलं होतं. कसला थंड होतोय! उलट तिच्या बंद दाराकडं बघून मला घास जाईना.

एका दुपारी ती आली आणि आतून कडी घातली.

"काकू, तुम्ही कसं निभावलं?"

"काय गं?"

"मला पैल्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही वाकलात की एक बाजू जागची हलत न्हाय." मग खाली बघत म्हणाली, "मला आरशात बघवत न्हाय. तुमचं दाखवा की. आधी तुमचं बघते."

मी हुकं काढली. बाजरीची पिशवी मशीनवर ठेवली. तिनं नीट बघितलं. शिवण तपासावी तसं व्रणावरून बोट फिरवलं.

"दुखतं?"

"न्हाय गं."

"एवढंच हाय व्हय? मला वाटलं खड्डा असंल. लई भ्या वाटत होतं मला."

मग ती रडली आणि मीही रडले. इतक्या वर्षांत त्या जागेला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

उन्हाळ्यात नवऱ्याची लातूरकडं बदली झाली. टेम्पोत सामान चढलं आणि समोरच्या घराला कुलूप लागलं. फोन करते अधूनमधून. परवा सांगत होती, तिथं शेजारी एक बाई आहे, हेच ऑपरेशन झालेली, आरशासमोर जातच नाही. "मी म्हटलं, ये, माझं बघ. आता रोज दुपारी येती बघा माझ्याकडं."

"बरं केलंस," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या बाईचा मला इतका हेवा वाटतो की काही विचारू नका.