बारशातला तिसरा चॅनेल

आमच्या नातवाच्या कानात हळूच सांगायचं नाव अख्ख्या बी विंगने ऐकलं, आणि त्यात माझी काडीचीही चूक नव्हती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घरात मला वाक्य पूर्ण करू देत नाहीत.

निवृत्त झाल्यावर बोरीवलीतली माणसं नॅशनल पार्कात फिरायला जातात. मी रिमोटवर चालणारा ट्रक घेतला. हातभर लांब, पिवळाधमक, मागे ऐसपैस हौदा. रिमोटला तीन चॅनेल. एकाने ट्रक वळतो, दुसऱ्याने पुढेमागे जातो आणि तिसरा नुसताच मोकळा. आता मुंबईत कोणी मोकळी खोली कुलूप लावून ठेवतं का? मी त्या तिसऱ्या चॅनेलवर दिवे आणि सायरन जोडला. रिमोटवरचं बटण वर केलं की दिवे, खाली केलं की सायरन, मध्ये ठेवलं की शांतता.

एकदा हा ट्रक सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांखाली शिरला आणि रिमोटच्या टप्प्याबाहेर गेला. मी पोटावर झोपून शोधत होतो, तेव्हा वॉचमनने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं मला चक्कर आली. त्याच दिवशी मी एक सोय केली. रिमोटशी संबंध तुटला की ट्रकने आपण होऊन सायरन वाजवायचा. जत्रेत हरवलेलं पोर भोकाड पसरतं, तसं. (याला दूरदृष्टी म्हणतात. आमची सौ., सुलभा, वेगळा शब्द वापरते.)

मग आमच्या लेकीचा, केतकीचा मुलगा तीन महिन्यांचा झाला आणि त्याचं बारसं आमच्या घरी ठरलं. मी म्हटलं, घुगऱ्यांच्या वाट्या बायकांपर्यंत ट्रक नेईल. सुलभाचे गुडघे दुखत होते, म्हणून ती तयार झाली. पण अट घातली.

"व्याही मंडळी मुलुंडहून येणारेत. विहीणबाईंसमोर एक जरी गोंधळ झाला ना, तर उद्याच ट्रक भंगारवाल्याला देईन. सांगून ठेवते."

"दे. गोंधळ होणारच नाही," मी म्हटलं. मला माझ्या ट्रकची खात्री होती.

आणि खरंच, सुरुवात झकास झाली. ट्रक दिवे लावून निघाला, एकेकीसमोर थांबला, घुगऱ्या सांडल्या नाहीत. विहीणबाई, ज्यांना आमच्याकडचा चहासुद्धा कधी आवडलेला नाही, त्या म्हणाल्या, "अगो बाई, दिवेपण लागतात!" मी सुलभाकडे पाहिलं. तिने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

नाव ठेवायची वेळ झाली. बाळ सकाळपासून रडून नुकतंच पेंगलं होतं. मी बटण मध्ये आणून दिवे मालवले. ट्रक पाळण्याखाली उभा होता. जावयाची बहीण रसिका, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यात वाकली. सगळे चूप.

"तो रिमोट आधी बंद करा," सुलभा पुटपुटली.

"अगं, बंद नको. बंद केलास की तो..."

"तो काय? माणसांत या जरा." तिने रिमोट माझ्या हातातून ओढला आणि बंद केला.

संबंध तुटला. ट्रकला वाटलं आपण हरवलो. पाळण्याखालून असा काही सायरन सुरू झाला की विहीणबाईंची घुगऱ्यांची वाटी थेट व्याह्यांच्या मांडीत गेली.

"अहो, बंद करा ना तो!"

"बंद आहे म्हणूनच तर..."

"काय बोलताय? वाजतोय ना!" तिने पुन्हा बटण दाबलं. रिमोट चालू झाला, सायरन थांबला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इतक्यात तिला रिमोटचा लाल दिवा दिसला. "अजून चालूच आहे का मेला?" म्हणत तिने तो परत बंद केला.

पुन्हा सायरन. बाळ टक्क जागं.

आता बॅटरी उपटण्यावाचून इलाज नव्हता. मी झब्ब्यासकट पाळण्याखाली शिरलो. डोकं आपटलं, पाळणा हलला, झेंडूची माळ गळ्यात आली. वर रसिका बिचारी सायरनवर मात करत बाळाच्या कानाशी ओरडत होती. मी बॅटरीची वायर खेचली, आवाज क्षणात थांबला, आणि त्या शांततेत रसिकाची आरोळी घुमली, "ईशाऽऽन!"

वरच्या मजल्यावरून देसाईकाकूंनी खिडकीतून उत्तर दिलं, "नाव छान आहे हो! पण आग कुठे लागलीय?"

नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. नेमका मी तेव्हाच पाळण्याखालून वर येत होतो. पहिले काही धपाटे चुकून माझ्या पाठीत बसले. सुलभाचा चुकून नव्हता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर. ट्रक उंबऱ्यात ठेवलेला. मी बॅटरी पुन्हा जोडून दिली होती, जाताना तरी त्याने धडधाकट जावं म्हणून. मला खरंच वाईट वाटत होतं. आत ईशानने आकांत मांडला होता. मांडीवर घेऊन झालं, गाणी झाली, खुळखुळा झाला. केतकी रडवेली होऊन म्हणाली, "आई, काल सायरन वाजला तेव्हा हा जागा झाला, पण अजिबात रडला नाही गं. एकदा तो रिमोट बंद करून बघ ना."

सुलभाने रिमोट चालू केला, ट्रकशी संबंध जुळला, मग तिने तो बंद केला. सायरन वाजला. ईशानने हुंदका अर्ध्यावर सोडला, डोळे मोठे केले आणि बोळकं पसरून हसला.

भंगारवाला जुना मिक्सर घेऊन गेला.

आता ट्रक पाळण्याशेजारी असतो आणि रिमोट सुलभाच्या कमरेला. मी म्हटलं, "बघ, शेवटी माझी दूरदृष्टीच..."

"हो, हो. मोकळं काही पडून राहू द्यायचं नाही, तुम्हीच म्हणता ना? मग तुम्ही तरी मोकळे का?" असं म्हणून तिने ओल्या दुपट्यांची बादली माझ्या हातात दिली.

तरी मी ठणकावून सांगतो, चूक माझी नव्हतीच. रोज सांगतो. दुपटी वाळत घालताना, खिडकीबाहेर तोंड करून, हळू आवाजात.