मंगळाच्या फोल्डरवर अडकलेला लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, गिऱ्हाईकच ते पिशवीत घालून आणून देतं. तुळिंजला माझं छोटं दुकान आहे. लॅपटॉपचे बिघाड मी आठवड्याभरात विसरतो, पण त्यांच्याबरोबर आलेली माणसं काही डोक्यातून जात नाहीत. त्यातही आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वधू-वर सूचक मंडळ आहे. लॅपटॉप एकच, पण त्याचे किस्से इतके की मित्र जमले की फर्माईश ठरलेली, "ते काकूंचं सांग!"

मंडळ चालवतात सुनंदाकाकू आणि त्यांचे यजमान अप्पा. अप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. एक खोली, सहा खुर्च्या आणि दहा-बारा वर्षांची स्थळं पोटात घेऊन बसलेला तो लॅपटॉप!

*

पहिल्यांदा काकूंचा फोन आला तो असा. "अरे, लॅपटॉप मध्येच गप्प बसतो. माउस हलत नाही, काही नाही. वीस मिनिटांनी आपला आपण कामाला लागतो. अगदी यांच्यासारखा!"

"ऐकू येतंय मला," मागून अप्पा.

वर गेलो तर अप्पांनी एक वही पुढे केली. लॅपटॉप कधी हँग झाला, तारीख, वार, वेळ, आणि तेव्हा स्क्रीनवर कोण होतं, सगळं टिपलेलं. तळाशी लाल शाईत निष्कर्ष: "मंगळाची पत्रिका उघडली की यंत्र बंद पडते."

मी मनातल्या मनात हसलो आणि हार्ड डिस्क तपासायला लावली. डिस्क एकदम सगळी जात नाही, आधी तिचे काही भाग खराब होतात. त्या भागातली फाइल उघडली की लॅपटॉप ती वाचायचा प्रयत्न करत तिथंच अडकून बसतो. तपासणी संपली. खराब भागात नेमकं काय सापडावं? काकूंनी मंगळ असलेल्या मुलांचं एक वेगळं फोल्डर केलं होतं. तेच!

अप्पांनी शांतपणे वही मिटली. "याला चहा दे गं," ते काकूंना म्हणाले. "मुलगा हुशार आहे, फक्त उशिरा कळतं."

मी डिस्क बदला म्हटलं. काकू म्हणाल्या, चालतोय तोवर चालू दे.

*

त्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर होता पापडीचा हेमंत. सहा वर्षं नाव नोंदवलेलं, म्हणून पहिला. वय अडतीस, बी.एस्सी., आणि घरची केळीची वाडी तोच बघतो. मुलीकडची मंडळी 'व्यवसाय: वाडी' इथपर्यंत वाचायची आणि पुढच्या स्थळावर जायची.

बाकीच्यांचा बायोडेटा एक पान. हेमंतचा साडेतीन! वाडीला पाणी पहाटे किती वाजता सोडावं लागतं, आईला मधुमेह आहे, सुट्टी अशी कधीच नसते, पावसाळ्यात पडवीत साप येतो, सगळं लिहिलेलं.

"अरे, निदान साप तरी काढ त्यातनं!" काकू कळवळून म्हणाल्या.

"बायोडेटातनं काढला तरी पडवीत येणारच ना, काकू. तिला आधी माहीत असलेलं बरं."

काकूंचा त्याच्यावर भारी जीव. मला म्हणायच्या, "या पोराचं जमलं ना, की मी उद्या मंडळ बंद करायला मोकळी."

*

एकदा विरारचे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळं बघायला आले. लॅपटॉप पहिल्याच फोटोवर, म्हणजे हेमंतवर, अडकला. चहा झाला, बिस्किटं झाली, हेमंत काही जागचा हलेना. आता करणार काय? गृहस्थ फोटो निरखायला लागले.

"मागे राजेळी केळ दिसतेय. घड काय सुरेख धरलाय हो!"

काकूंची आशा एकदम पालवली. त्यांनी लगोलग हेमंतचा नंबर लिहून दिला.

पुढे पाच-सहा महिन्यांनी हेमंत खाली दुकानापाशी भेटला. मी विचारलं, "काय रे, विरारचं काय झालं?"

"एकदम जमलंय! दर पंधरा दिवसांनी आमची वाळवलेली केळी, सुकेळी, नेतात. मुलीच्या लग्नातही पाहुण्यांना आमचीच सुकेळी दिली."

*

लॅपटॉप शेवटचा बंद पडला तो एका उपवर इंजिनीअरच्या हातून. तो आईबरोबर आला होता. स्क्रीन अडकल्याबरोबर तो सरसावला. "काकू, सरका. हे माझं फील्ड आहे."

त्यानं पॉवरचं बटण दाबून धरलं. बंद, चालू. परत बंद, परत चालू. असं चारदा. पाचव्यांदा लॅपटॉप चालूच झाला नाही, आतून नुसता टक टक आवाज.

 काकूंनी त्याचा फॉर्म पुढे ओढला आणि 'स्वभाव' या रकान्यात लिहिलं: उतावळा.

*

मग मात्र सगळ्यांचं धाबं दणाणलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी डिस्क काढून खाली दुकानात न्यायला निघालो तर काकूंनी स्टीलचा डबा आणला, तळाशी कापूस, वर कापूस. "जिन्यावरून सांभाळून जा. आत सगळी लग्नाची पोरं आहेत."

तीन दिवस मी डिस्कमधला माल नव्या, वेगवान एसएसडी डिस्कवर उतरवत होतो. काकू तासातासाला फोन करून विचारायच्या, "शुद्धीवर आली का?" बाकी सगळं निघालं. मंगळाचं फोल्डर तेवढं येता येईना. सोमवारी संध्याकाळी अप्पा दुकानात आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आज राहू दे. उद्या येईल."

मंगळवारी सकाळी दहा वाजता अख्खं फोल्डर आलं. अप्पांना फोन करून सांगायला मला जरा जडच गेलं.

*

नवी डिस्क म्हणजे वारा! बोट लावायचा अवकाश, स्थळ हजर. मला वाटलं काकू खूश होतील. कसलं काय!

"पूर्वी एका चहात दोन स्थळं बघून व्हायची," त्या कुरकुरल्या. "आता तीस होतात आणि चहा तसाच उरतो. हेमंत तर दिसतसुद्धा नाही रे, सर्रकन जातो. जुनी परत बसवता नाही का येणार?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच रविवारी मी वर बसलेलो असताना हेमंत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "काकू, माझं नाव काढून टाका. फोन वाजला की आई आशेनं बघते. त्यापेक्षा एकदाच काय ते वाईट वाटू दे."

 काकूंनी माउस हातात घेतला, इकडे तिकडे फिरवला आणि चेहरा पाडून म्हणाल्या, "अरे, हँग झालाय बघ. नाव निघतच नाहीये."

नवी कोरी डिस्क! मी गॅरंटी देऊन बसवलेली! मी तोंड उघडणार एवढ्यात काकूंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी म्हणालो, "हो, नवीन आहे ना, रुळायला वेळ लागतो." स्वतःच्या कामाची अशी बदनामी मी जन्मात केली नव्हती.

"मग पुढच्या रविवारी येतो," हेमंत म्हणाला. "तेव्हा मात्र नक्की काढा."

*

शनिवारी चांदीपची एक मुलगी मावशीला घेऊन आली. विरारला शाळेत शिकवते. तिला मंगळ, म्हणून काकूंनी तेच फोल्डर उघडून माउस तिच्या हातात दिला. पहिला अर्थातच हेमंत.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुढचं स्थळ काही येईना. मावशींचा चहा संपला. वाकून स्क्रीनकडे बघत त्या म्हणाल्या, "अजून तोच मुलगा दिसतोय. अडकला वाटतं तुमचा लॅपटॉप."

अप्पांनी वही उघडली. काकूंनी मला फोन लावला. "आधी वर ये! तुझी नवीन डिस्कपण गेली!"

आज शनिवार, उद्या हेमंत येणार, आणि इकडे माझी गॅरंटी! स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोन जिने धावत चढलो. काकू माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघत होत्या. मी धापा टाकत त्या मुलीला म्हटलं, "ताई, जरा बाजूला होता का? हँग झालाय, बघतो मी."

तिनं मान वर केली नाही. फक्त डावा हात उचलून मला थांबवलं.

"लॅपटॉप ठीक आहे, काका. मी वाचतेय."